उचललेलं बोट

इन्स्पेक्टरमामा माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते म्हणजे, "हालचाल करू नका." मी तेव्हा चेन्नईत मैलापूरच्या देवळामागे एका भाजीवालीसमोर उकिडवी बसून भेंड्या मोडून बघत होते आणि सगळ्या निबर निघाल्या म्हणून स्वतःशीच मराठीत कुरकुरत होते. मागून तो धीरगंभीर आवाज आला आणि मी हातातल्या भेंडीसकट गोठले. "आपण मराठी आहात," आवाज पुढे म्हणाला, "आता नाकारण्यात अर्थ नाही." वळून पाहिलं तर पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध लावलेले, काखेत दुधीभोपळा धरलेले सत्तरीपलीकडचे एक गृहस्थ उभे होते आणि माझ्याकडे बघून अत्यंत प्रेमानं हसत होते. त्या हसण्याचा आणि त्या वाक्यांचा मेळ काही केल्या बसेना. पुढे पाच मिनिटांत त्यांनी मला घरी कॉफीला यायचं आमंत्रण दिलं, तेही "आमच्या निवासस्थानी या, एकट्या या" अशा शब्दांत, आणि मी अर्थातच नवऱ्याला घेऊन गेले.

त्यांचं खरं नाव श्रीनिवासराव. घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात दक्षिणेत आलेलं आणि मग पिढ्यान्‌पिढ्या इथलंच झालेलं. घरात ते जी मराठी बोलत ती अर्धी पोथीतली आणि अर्धी तमिळ, आणि तिचा सूर तर संपूर्ण तमिळ. ती ऐकायला इतकी गोड होती, पण मामांना माझ्यासमोर तिची लाज वाटायची. पुण्यामुंबईच्या माणसाशी पुण्यामुंबईचीच मराठी बोलावी हा त्यांचा शिष्टाचार होता, आणि ती मराठी ते शिकले होते रहस्यकथांमधून. दुसरं काही वाचलंच नव्हतं. तरुणपणी ते जॉर्ज टाउनमध्ये एका काचसामानाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे कारकून होते. मुंबईहून माल यायचा तो खोक्यांत, आणि काच फुटू नये म्हणून खोक्यांत कोंबलेली असायची तिकडची रद्दी. ती रद्दी बहुतेक वेळा पॉकेटबुकांची, आणि पॉकेटबुकं बहुतेक वेळा खुनांची. मामा ते चुरगळलेले खून घरी आणायचे, मामींची इस्त्री तापवून पानन्‌पान सरळ करायचे आणि सुईदोऱ्यानं शिवून वाचायचे. तीच त्यांची शाळा आणि तेच त्यांचं कॉलेज.

त्यामुळे मामांकडे खुनाला, पाळत ठेवायला, धमकीला उत्तम शब्द होते आणि बाकी आयुष्याला जवळजवळ नव्हतेच. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी पाळण्यावरची जाळी दोन बोटांनी उचलली, बाळाकडे बराच वेळ पाहिलं, मग वळून बाळाच्या बापाकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "ओळख पटली." मैत्रिणीच्या सासूबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. आमच्या इमारतीतल्या एका नव्वदीच्या आजोबांचं निधन झालं तेव्हा मामा समाचाराला गेले, आजोबांच्या मुलाचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मृत्यूचं कारण काहीही असो, आम्हांला तुमच्यावर संशय नाही." यापेक्षा मोठं सांत्वन त्यांच्या पुस्तकांत कुणी कुणाचं केलेलं नव्हतं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तर त्यांनी महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्या साहित्यिकांना गाठून, "आपण आजवर किती खून केलेत?" असं आदरानं विचारलं. पाहुणे निसर्गकविता लिहीत. ते प्रसादही न घेता निघून गेले, आणि मामा मला म्हणाले, "पाहिलंत बाईसाहेब? घाईनं निघाले. काहीतरी लपवत आहेत."

या हसण्यासारख्या माणसाचा एक राग मात्र खरा होता. ज्यांनी त्यांना मराठी शिकवली त्या लेखकांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, याचा. महाराष्ट्रातून कुणीही भेटलं की ते एकेका लेखकाचं नाव घेऊन विचारायचे आणि समोरचा मान हलवायचा. मलाही एकही नाव माहीत नव्हतं. "लोकांनी ही पुस्तकं गाडीत वाचली आणि गाडीतच सोडली," ते म्हणायचे. "या माणसांनी महिन्याला एक खून केला, आणि कोणी त्यांना पकडलंही नाही." त्यांच्या दृष्टीनं लेखकाचं यापेक्षा मोठं दुर्दैव नव्हतं. त्यांच्या दोन कपाटांत अशा शिवलेल्या पुस्तकांच्या थप्प्या होत्या, आणि दसऱ्याला सरस्वतीपुढे ते त्याच थप्प्या मांडायचे. देवीसमोर सुरे, पिस्तुलं आणि किंचाळणाऱ्या बायका. मामी त्यावर हळदकुंकू वाहायच्या.

या सगळ्या थप्प्यांत त्यांचा जीव एका पुस्तकात अडकला होता. 'खुर्ची रिकामी नव्हती', लेखक भालचंद्र केंजळे. एका श्रीमंत शेठचा रात्री त्याच्याच आरामखुर्चीत गळा आवळून खून होतो. घरात पुतण्या, डॉक्टर, बहीण, मुनीम, आचारी. आचारी साक्ष देतो की बाराच्या ठोक्यानंतर आपण खुर्ची करकरल्याचा आवाज ऐकला, म्हणजे शेठ बारापर्यंत जिवंत होते, आणि मग कोण बारानंतर कुठे होतं यावर सगळं पुस्तक फिरतं. शेवटी इन्स्पेक्टर खर्शीकर सगळ्यांना त्या खोलीत गोळा करतात. "खुनी याच खोलीत आहे," ते म्हणतात, आणि आपलं बोट हळूहळू उचलतात. इथे पान संपतं. पुढची पानं कुठल्या तरी काचेच्या बरणीला गुंडाळून जॉर्ज टाउनमधून कुठे गेली देव जाणे. ते उचललेलं बोट मामांच्या आयुष्यात तसंच राहिलं, लग्न झालं, मुलगी झाली, ती अमेरिकेला गेली, नोकरी संपली, तरी ते खाली आलं नाही.

म्हणून दर रविवारी संध्याकाळी मामांच्या हॉलमध्ये तो प्रसंग उभा केला जायचा. मामा अर्थात इन्स्पेक्टर. मला पहिल्याच रविवारी डॉक्टर करण्यात आलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त तमिळ प्राध्यापक पुतण्या होते. त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे, पण अपराधी चेहरा करून बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मुनीम, बहीण आणि आचारी जमेल त्या शेजाऱ्यांतून उभे केले जायचे. मामा दर आठवड्याला नव्या माणसावर संशय घ्यायचे, त्याची उलटतपासणी करायचे, बोट उचलायचे आणि शेवटी काहीतरी जुळत नाही म्हणून निराश होऊन खाली बसायचे. मेलेल्या शेठच्या खुर्चीत कायम मामी. ही भूमिका त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिली नाही. एकदा मी म्हटलं, मामी, तुम्ही बहीण व्हा, मी मरते. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "नको गे," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसास कोणी कॉफी मागत नाही. आठवड्यांत एवढाच वेळ मी बसतें."

मागल्या वर्षी मामांना छातीत दुखल्याचं निमित्त झालं. डॉक्टरांनी जिन्याची दगदग कमी केली, मीठ बंद केलं आणि हृदय थकलं आहे असं स्पष्ट सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. या वेळी ते पुस्तकातलं बोलले नाहीत, किंवा पुस्तकातलंच बोलले असतील पण मला हसू आलं नाही. "मला मरणाची भीती नाही, बाईसाहेब," ते म्हणाले. "खुनी कोण हे कळल्याविना मरण्याची आहे." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली आणि इतका वैतागही आला, की मी घरी येऊन जेवणाआधी पुस्तकाच्या फाटक्या मुखपृष्ठाचा फोटो जुन्या पुस्तकांच्या एका फेसबुक गटावर टाकला. कुणाकडे याची शेवटची पानं आहेत का, असं विचारलं. पानं कुणाकडेच नव्हती. तिसऱ्या दिवशी मेधा नावाच्या एका बाईंनी लिहिलं की हे माझ्या बाबांचं पुस्तक. बाबा आता खूप थकलेत, माझ्याकडेच असतात, चेन्नईला, अड्यारमध्ये.

मी धावतपळत ही बातमी घेऊन गेले. पलंगावर बसलेले मामा जराही चकित झाले नाहीत. "लेखक नेहमी जवळपासच असतो," ते म्हणाले. मग मामींना हाक मारून त्यांनी आपला लग्नातला कोट मागवला.

माझं ऑफिस अड्यारलाच, तेव्हा गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी मामांना घेऊन मेधाच्या घरी गेले. चेन्नईतला मे महिना आणि मामांच्या अंगात लोकरी कोट. केंजळे खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. काटकुळे, कानात यंत्र, मांडीवर न वाचलेलं वर्तमानपत्र. कधीकाळी ते एका शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात खून करत, एवढंच मेधानं मला सांगितलं होतं. मामा दारातच थांबले. "आपला खेळ संपला आहे, श्रीयुत केंजळे," ते म्हणाले. केंजळ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सावकाश दोन्ही हात वर केले.

त्यानंतर दोघंही इतके हसले की मेधाला पाणी आणावं लागलं. मग मामांनी तो प्रश्न विचारला. खुर्चीतला खून कुणी केला? केंजळ्यांनी कपाळाला हात लावला, डोळे मिटले, उघडले. "आठवत नाही हो," ते म्हणाले. "इतके मारले. कोण कुणाला मारत होतं, सगळी सरमिसळ झाली आहे." मामांचा चेहरा पाहून मला रडू येईल असं वाटलं. पण केंजळे म्हणाले, "पुस्तक ठेवून जा. वाचून बघतो. वाचता वाचता आठवेलही." मामांनी ते पुस्तक आजवर घराबाहेर पडू दिलं नव्हतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवलं.

दोनच दिवसांत मेधाचा फोन आला. बाबा चिडलेत, म्हणाली. पुढची पानं कुठायत म्हणून घर डोक्यावर घेतलंय, आणि लेखकाला शिव्या देतायत. अशा रीतीनं जिथे एक माणूस त्या बोटाकडे बघत बसला होता तिथे आता दोघं झाले, आणि त्यातला दुसरा ते बोट उचलणारा होता. गुरुवार ठरूनच गेला. मामा उन्हं कलली की ऑटोनं अड्यारला यायचे, मी ऑफिसातून पोचायचे आणि दोघं म्हातारे ते घर, तो शेठ, ते घड्याळ सगळं नव्यानं तपासायचे. मेधाच्या सोफ्याच्या जागी शेठचा जिना आला. तिच्या फ्रिजमागे मुनीम लपायचा. केंजळे कधी म्हणायचे, "हा लेखक लबाड आहे, मुद्दाम बहिणीकडे बोट दाखवतोय," आणि मामा त्यांना खडसावायचे, "लेखकाबद्दल असं बोलू नका. मी त्यांना ओळखतो." मेधा सांगायची की बाबा आता बुधवारपासून दाढीचं सामान काढून ठेवतात. मामांच्या डॉक्टरांनाही त्यांची तब्येत सुधारलेली दिसली. त्यांनी श्रेय गोळ्यांना दिलं.

असाच एक गुरुवार मला स्वच्छ आठवतो, कारण त्या दिवशी मामा मेधाकडून लवकर निघाले. त्यांचा त्या आठवड्याचा संशय आचाऱ्यावर होता. ते हिरिरीनं आचाऱ्याची खोली कुठे होती ते समजावत होते. केंजळे हसत म्हणाले, "अहो, त्या बिचाऱ्या बहिऱ्या आचाऱ्याच्या मागे काय लागलात? मुनीम बघा, मुनीम." मामा काहीतरी बोलणार होते ते थांबले. त्यांनी कप बशीत ठेवला, केंजळ्यांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "सरि," ते एकदम तमिळमध्ये म्हणाले, म्हणजे बरं. "मुनीम बघू." आणि आज थकलो म्हणून निघाले. मेट्रोच्या खोदकामामुळे आमची ऑटो मैलापूरच्या तोंडाशी अडकून पडली, तरी ते बाहेरच बघत बसले. मला वाटलं, पुन्हा छातीत दुखतंय. विचारलं तर माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "घाबरू नका, बाईसाहेब. परिस्थिती काबूत आहे."

गुरुवार चालूच राहिले, रविवारही. मामा मुनिमावर, बहिणीवर, माझ्यावर, अपराधी चेहऱ्याच्या प्राध्यापकांवर आळीपाळीनं संशय घेत राहिले. पावसाळा गेला, डिसेंबरातल्या संगीतसभा आल्या, आणि त्यांतल्या एका मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मामा झोपेतच गेले. मामींनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "अगे, यांनीं उठायचें सोडलें." मी गेले. घर माणसांनी भरलं होतं आणि सगळे तमिळमध्ये रडत होते. मला मामींना काहीतरी म्हणायचं होतं आणि जन्मभर मराठी बोलून मला एक वाक्य सुचेना. सुचत होती ती सगळी मामांचीच. त्यांना आपली मराठी अपुरी वाटायची, आणि मी मात्र त्या दिवशी मुकी होऊन मामींचा हात धरून बसले.

दिवस झाल्यावर केंजळे मेधाबरोबर भेटायला आले. जिना चढायला त्यांना फार वेळ लागला. हॉलमध्ये मामांचा फोटो, फोटोला हार, आणि शेजारी ती आरामखुर्ची. केंजळे फोटोसमोर उभे राहिले ते बसेचनात. "मी फसवलं त्यांना," ते म्हणाले. "मला सगळं आठवत होतं. पहिल्या दिवसापासून. माणूस आपला खून विसरतो होय? पण ते आले, कोट घालून आले. किती वर्षांत कुणी माझ्याकडे आलं नव्हतं. मेधा कामावर जाते, मी खिडकीत बसतो. म्हटलं, उत्तर दिलं की हे नमस्कार करतील आणि उठून जातील. म्हणून आज सांगू, उद्या सांगू. आणि ते खुनी कोण हे न कळताच गेले." त्यांचे खांदे हलायला लागले. मेधालाही हे माहीत नव्हतं.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "त्यांस ठावें होतें," त्या म्हणाल्या.

केंजळ्यांनी वर पाहिलं. मामी शांतपणे सांगत गेल्या. त्या गुरुवारी मामा घरी आले, कोट काढला आणि म्हणाले, केस संपली. आमच्या पुस्तकात आचारी बहिरा आहे असं कुठेही नाही. पानन्‌पान मला पाठ आहे. म्हणजे ते पुढच्या पानांत आहे, आणि लेखकाला पुढची पानं आठवतात. आणि आचारी बहिरा असेल तर त्यानं खुर्चीचा आवाज ऐकला कसा? साक्ष खोटी, तेव्हा खुनी तोच. मामी म्हणाल्या, "मी विचारलें, मग त्यांस सांगून कां नाहीं आलांत? तर म्हणाले, सांगितलें तर पुढल्या गुरुवारीं तो मनुष्य काय करील? मग पुढल्या गुरुवारीं पुन्हा कोट मागितला."

मला तेव्हा उमगलं की त्या दिवसानंतर मामांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, आचाऱ्यावर मात्र कधी घेतला नव्हता. ज्या क्षणासाठी ते आयुष्यभर थांबले होते, सगळ्यांना गोळा करून बोट उचलायचा, तो हाताशी आला होता आणि त्यांनी तो सोडून दिला. "पकडलं मला," केंजळे म्हणाले. "इतकी पुस्तकं लिहिली. पहिल्यांदाच कुणीतरी पकडलं." ते रडत होते आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की तो मी आजवर कुठल्याही सत्कारात कुठल्याही साहित्यिकाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

आता ते रविवारी येतात. मेधा त्यांना गाडीनं सोडते आणि बहीण होते. प्राध्यापक त्यांच्या जागी अपराधी चेहरा करून बसतात, मी डॉक्टर. खुनी कोण ते आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यानं काहीही बिघडत नाही. फक्त एक बदल झाला. पहिल्या रविवारी मामी त्या खुर्चीत बसल्या नाहीत. त्यांनी केंजळ्यांना हाताला धरून तिथे बसवलं आणि स्वतः मामांच्या जागी, फोटोखाली, जाऊन उभ्या राहिल्या. त्या बोलल्या तर घरचीच मराठी बोलतील असं मला वाटलं होतं. आम्ही वाट बघत बसलो. मेलेल्या केंजळ्यांनी एक डोळा उघडला आणि कॉफी मिळेल का म्हणून विचारलं.

मामींनी आपलं बोट हळूहळू उचललं. "हालचाल करू नका," त्या म्हणाल्या, अगदी मामांच्या आवाजात, मामांच्या मराठीत. आम्ही कुणीच हललो नाही.